कलेक्टर जॅक्सनची भुतं

मुंज झाली पण सोडमुंज, म्हणजे ब्रह्मचर्य संपवणारा विधी, राहिली, अशा वयात मुलगा गेला तर तो मुंजा होतो आणि पिंपळावर राहतो. बाळंतपणात किंवा त्यानंतरच्या दहा दिवसांत गेलेली बाई हडळ होते. नवरा हयात असताना गेलेली जखीण, विधवा असून गेली तर लावसट. ब्राह्मणाचं क्रियाकर्म राहिलं किंवा मरताना त्याचा जीव पुरलेल्या पैशात अडकला, तर समंध. बुडून मेलेला गिऱ्हा. दर्यावर जाणारा खारवी किंवा कोळी झोटिंग होतो, खवीस मुसलमानाचा किंवा हबशाचा, आणि लग्न झालेला शूद्र मेला की देवचार. या सगळ्यांचा राजा वेताळ.

लहानपणी हे सगळं मी तुकड्यातुकड्यानं ऐकलं होतं. कुठलं भूत कशानं होतं आणि कुठे राहतं याबद्दल आमच्या घरातच चार मतं होती. आजोबांचा देवचार पांढऱ्या घोंगडीत असायचा, काकीचा काठी आपटत जायचा. ही इतकी शिस्तीत लावलेली यादी मला खूप पुढे, १९१५ साली छापलेल्या एका इंग्रजी पुस्तकात सापडली. पुस्तकाचं नाव अगदीच रुक्ष, ‘फोकलोअर नोट्स’, खंड दुसरा, कोकण. गुजरातचा पहिला खंड त्याच्या आदल्या वर्षी निघाला होता. संपादक आर. ई. एन्थोवन, आयसीएस. पण मुखपृष्ठावरच म्हटलं आहे की सामग्री गोळा केली ती कैलासवासी ए. एम. टी. जॅक्सन यांनी.

हा जॅक्सन म्हणजे तोच. नाशिकचा कलेक्टर, २१ डिसेंबर १९०९ रोजी विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेऱ्यांच्या गोळ्यांना बळी पडलेला. शाळेतल्या इतिहासाच्या पुस्तकात त्याच्या वाट्याला एक ओळ येते, आणि त्या ओळीत तो फक्त मरतो. मरण्याआधी हा माणूस कोकणातल्या आणि गुजरातेतल्या भुतांची चौकशी करत होता, हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

चौकशीची पद्धत मोठी मजेशीर होती. प्रश्न काढायचे आणि ते इलाख्यातल्या शाळामास्तरांकडे पाठवायचे. पाऊस पडत नसेल तर गावात काय करतात? ग्रहण लागलं की काय पाळतात? कोणत्या झाडांवर भुतं राहतात? दृष्ट कशी काढतात? साथीचा आजार आला की कोणत्या देवीला काय वाहतात? मास्तर उत्तरं लिहून पाठवत. पुस्तकात त्या उत्तरांखाली बहुतेक ठिकाणी माणसाचं नाव नाही, नुसतं ‘स्कूल मास्टर, दाभोळ’, ‘स्कूल मास्टर, चौक’ असं लिहिलेलं आहे. दिवसभर पोरांना पाढे घोकायला लावणारा मास्तर संध्याकाळी दिव्याजवळ बसून सरकारला कळवतो आहे की आमच्या गावात हडळीचे पाय उलटे असतात. वरिष्ठांनी विचारलं आहे, तेव्हा उत्तर वेळेत आणि नीट गेलं पाहिजे. त्यामुळे भुतांच्या वर्णनालाही एक सरकारी वळण आलं आहे.

जॅक्सनला नाशकात ‘पंडित जॅक्सन’ म्हणत. संस्कृतचा त्याचा व्यासंग खरा होता. पण म्हणून त्याला फार गोंजारायचंही कारण नाही. रयत काय मानते, कशाला भिते, कोणाच्या पाया पडते हे ठाऊक असणं राज्य चालवायला उपयोगी पडतं, आणि इंग्रज अधिकारी हे जाणून होते. हाच पंडित बाबाराव सावरकरांचा खटला पुढे सेशनकडे पाठवणारा मॅजिस्ट्रेटही होता. कविता छापल्याबद्दल बाबारावांना जून १९०९ मध्ये काळ्या पाण्याची जन्मठेप झाली. त्याचा सूड म्हणून डिसेंबरात गोळ्या झाडल्या गेल्या. जॅक्सनची मुंबईला बदली झाली होती, आणि निरोपाच्या त्या दिवसांत नाटकाला तो येणार हे सगळ्या गावाला माहीत होतं.

आता यातल्या दोन गोष्टी मला सोडत नाहीत.

पहिली, कान्हेरे मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातल्या खेड तालुक्यातले, आयनी गावचे. म्हणजे ज्या मुलुखातली भुतं जॅक्सन कागदावर उतरवून घेत होता, त्याच मुलुखातला सतरा-अठरा वर्षांचा मुलगा पिस्तूल घेऊन त्याच्यासमोर उभा राहिला. दुसरी, त्या रात्रीचं नाटक होतं ‘संगीत शारदा’. देवलांच्या या नाटकात लहानग्या शारदेचं लग्न म्हाताऱ्या भुजंगनाथाशी लावायचा घाट घातलेला आहे. नाटकात ते लग्न मोडतं आणि शारदा सुटते. प्रत्यक्षात अशा किती मुली सुटल्या नाहीत, आणि त्यांच्यातल्या किती जणी विसाव्या वर्षाच्या आत विधवा होऊन मेल्या असतील? जॅक्सनच्या मास्तरांना विचारलं असतं तर त्यांनी रीतसर उत्तर दिलं असतं: अशा बाईची लावसट होते.

ही यादी पुन्हा वाचा. भीती थोडी बाजूला ठेवून वाचली की ती भुतांची राहत नाही. गावाच्या अंगावर राहिलेल्या देण्यांची ती वही आहे. कोणाची सोडमुंज राहिली, कोणाचं लग्न राहिलं, कोणाला अग्नी मिळाला नाही, कोणाचं बाळंतपण नीट झालं नाही. म्हातारा माणूस नातवंडं-पतवंडं बघून, तोंडात गंगाजळ पडून गेला तर त्याचं भूत सहसा होत नाही. त्याचं श्राद्ध होतं, पितृपक्षात त्याला घास मिळतो, विषय मिटला. भूत होतं ते ज्याला द्यायचं होतं आणि दिलं नाही, त्याचं.

हडळीचंच बघा. अंधारी खोली, तीही घरातली सगळ्यात कोंदट. धुरी, शेगडी, दारावर घोंगडं. नाळ कापायला जे हाताशी येईल ते. बाई तापानं फणफणली की सुईण म्हणायची, वारं लागलं. आणि अशी बाई चौथ्या-पाचव्या दिवशी गेली की त्याच घरातली माणसं तिला घाबरायची. प्रेत नेताना मागे राळे किंवा मोहऱ्या टाकत जायचे. परत यायचं झालं तर तिनं रस्त्यावरचा एकेक दाणा वेचत यावं, आणि तोवर उजाडावं, असा हिशेब. उंबऱ्यात खिळा ठोकायचे. मला यात सगळ्यात हलवून टाकणारी गोष्ट ही वाटते की ती परत येईल याबद्दल कोणाच्याच मनात शंका नव्हती. मागे तान्हं मूल होतं. ती येणारच होती. सासरच्यांनी मोहऱ्या उधळल्या त्या एका आईच्या वाटेत.

साधारण याच काळाच्या थोडं आधी कल्याणची एक मुलगी चौदाव्या वर्षी बाळंत झाली आणि तिचं मूल दहा दिवसांत गेलं. ती मुलगी आनंदीबाई जोशी. तिनं अमेरिकेत जाऊन डॉक्टरकी केली आणि प्रबंधाचा विषय घेतला तो हिंदू आर्यांच्या प्रसूतिशास्त्राचा. ‘दहा दिवस’ हा आकडा हडळीच्या व्याख्येतही आहे, मुलाच्या मरणातही आहे. सुईणीला आणि सासूला तो अनुभवानं ठाऊक होता. दहा दिवस निघाले की बाई वाचली.

मुंज्याचा हिशेब त्या मानानं सोपा. आठ-दहा वर्षांचा पोर पटकीनं नाहीतर देवीनं जायचा. आईबापांचं उरलेलं आयुष्य तो पारावर बसलेला असायचा. म्हणून पिंपळाला पार बांधायचा, कोणी कोणी पिंपळाचीच मुंज लावायचे. जे पोराला देता आलं नाही ते झाडाला. मुंजा त्रास देतो तोही पोरासारखाच, खडे मारतो, वाट चुकवतो, भांडी पाडतो. त्यानं कोणाचा जीव घेतल्याची गोष्ट मी तरी ऐकलेली नाही.

पण या वहीत दुसरीही एक गोष्ट लिहिलेली आहे आणि ती सोयीची नाही. मेल्यावरही जात सुटत नाही. ब्राह्मणाचा समंध वेगळा, शूद्राचा देवचार वेगळा, खारव्याचा झोटिंग वेगळा. त्यांची बसायची झाडं वेगळी, मान वेगळे. समंधाला कोंबडं चालत नाही, देवचाराला त्याशिवाय चालत नाही. जिवंतपणी ज्याला विहिरीवर येऊ दिलं नाही तो मेल्यावरही गावाच्या सीमेवरच उभा राहतो, फक्त आता गाव त्याला भितं आणि वर्षाला एकदा त्याच्यापुढे वाकतं. मास्तर मंडळी त्या काळात बहुतेक पांढरपेशीच असणार, तेव्हा कोण खालचं भूत आणि कोण वरचं हे त्यांनी आपल्या ओसरीवर बसून ठरवलं हेही आहेच. म्हारवड्यातल्या म्हातारीला विचारलं असतं तर तिच्या यादीत समंधाचं वर्णन कसं आलं असतं, याची मला फार उत्सुकता आहे. प्रश्नावली तिच्यापर्यंत गेली नाही.

आता हा सगळा हिशेब मनात पक्का बसतो न बसतो तोच आमचा वेतोबा त्यात मोडता घालतो. जॅक्सनच्या यादीत वेताळ भुतांचा राजा. वेंगुर्ला तालुक्यातल्या आरवलीत मात्र तो देव आहे. मोठं देऊळ आहे, आणि मूर्ती इतकी उंच की तिच्यासमोर चांगला धिप्पाड माणूसही मान वर करून उभा राहतो. तो कोणाच्या अपमृत्यूतून झालेला नाही, त्याचं कोणाकडे काही राहिलेलं नाही. उलट तोच रात्री गावाची राखण करत हिंडतो. हिंडून चपला झिजतात, म्हणून भाविक त्याला चामड्याच्या चपला वाहतात, त्याच्या मापाच्या. देवळात त्या मांडून ठेवलेल्या बघितल्या की पहिल्यांदा हसू येतं. हातभर लांबीचे तळवे, जाड अंगठा, नवं कातडं. मग जवळ जाऊन बघावं तर जुन्या जोडांचे तळवे खरंच घासलेले दिसतात आणि हसू जरा आवरतं. कसे झिजले ते विचारायचं नसतं, मीही विचारलेलं नाही. चपलांबरोबर केळ्यांचे घड. आणि नवस फेडताना गाऱ्हाणं:

“बा देवा वेतोबा, म्हाराजा…”

“होय म्हाराजा!”

“ह्या तुझ्या लेकरान आज तुका केळ्यांचो घड नि व्हाणांचो जोड दिलो हा, तो मान्य करून घे, म्हाराजा…”

“होय म्हाराजा!”

“तेच्या वाटेत जा काय आडवा येत असात, ता दूर कर, म्हाराजा…”

“होय म्हाराजा!”

यात भीक मागितल्याचा सूर नाही. बरोबरीच्या माणसाशी व्यवहार चालला आहे. तू राखण कर, आम्ही चपला देतो. पलीकडे गोव्यातही हाच बेताळ लोलयेला आहे, आमोण्याला आहे. तिथेही तो देवळात बसतो आणि लोक त्याला नारळ ठेवतात. इतकी शतकं ज्याच्याशी असा रोखठोक व्यवहार आहे त्याला भूत म्हणणं दाभोळच्या मास्तरांना जमलं असेल, आमच्याकडे कोणाला जमायचं नाही.

घाटावर गेलं की भुतांची तऱ्हा बदलते. पुण्यात सगळ्यात प्रसिद्ध भूत कोणतं, तर एका पेशव्याचं. ३० ऑगस्ट १७७३ रोजी, ऐन गणपतीच्या दिवसांत, शनिवारवाड्यात गारद्यांनी नारायणरावाला कापलं. वय अठरा. तो काकाकडे, रघुनाथरावाकडे धावला आणि काकाला मिठी मारली, तिथेच त्याला तोडलं. अमावास्येला म्हणा, पौर्णिमेला म्हणा, ‘काका, मला वाचवा’ ही हाक अजून येते, असं पुण्यातला रिक्षावालाही सांगतो. १८२८ च्या आगीत तो महालच जळून गेला. आता आत जोती, कारंज्याचे हौद आणि हिरवळ एवढंच आहे. हाक येते ती ज्या भिंतींतून यायची त्या भिंतीच नाहीत.

ही गोष्ट इतकी चिवट का, याचं उत्तर मला रामशास्त्र्यांपाशी सापडतं. खून करणाऱ्यांपैकी काहींना पुढे शिक्षा झाल्या. पण ज्याच्या संमतीनं हे झालं त्या रघुनाथरावाला रामशास्त्री प्रभुण्यांनी देहान्त प्रायश्चित्त सांगितलं, आणि ते कधी घेतलं गेलं नाही. निवाडा झाला, अंमल झाला नाही. न्यायाधीश पुणं सोडून गेले, आरोपी पेशवा झाला. पुढे बारभाईंनी त्याला हाकललं, नारायणरावाच्या विधवेला पुरंदरावर मुलगा झाला, राज्य पुढे चाललं. तेवढी एक बाब मात्र उघडीच राहिली आणि ती लोकांनी त्या पोराच्या तोंडी घातली.

याच न्यायानं कान्हेऱ्यांचं भूत व्हायला हवं होतं. तेही अठरा वर्षांचेच, अविवाहित. १९ एप्रिल १९१० रोजी ठाण्याच्या तुरुंगात कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे यांच्याबरोबर त्यांना फाशी दिलं आणि प्रेतंसुद्धा घरच्यांना दिली नाहीत. मास्तरांच्या यादीतली जवळजवळ प्रत्येक अट पुरी होते: अकाली मरण, लग्न नाही, रीतसर क्रियाकर्म नाही. तरी ठाण्याच्या तुरुंगात रात्री कोणी हाक मारतं अशी गोष्ट मी आजवर ऐकली नाही. नाशकात त्यांच्या नावाचं मोठं मैदान आहे, तिथे रणजीचे सामने होतात. मला वाटतं लोकांनी त्यांचं देणं दुसऱ्या रस्त्यानं चुकतं केलं. ज्याला हुतात्मा म्हटलं त्याला पिंपळावर बसायची गरज पडत नाही. जॅक्सनचंही भूत झालं नाही. ते होण्यासाठी मागे अपराधी वाटणारं कोणीतरी गावात लागतं, आणि नाशकात त्या वर्षी तसं वाटून घेणारे फारसे नसावेत.

नवी भुतं होतात ती आता महामार्गावर. मुंबई-गोवा रस्त्यानं गणपतीला रात्री निघालात तर पनवेल सुटल्यापासून गाडीत कोणीतरी कशेडीचा विषय काढतोच. घाटात पांढऱ्या साडीतली बाई हात करते, गाडी थांबवली तर मागच्या सीटवर बसते, आरशात मात्र दिसत नाही. कशेडी म्हणजे पोलादपूर आणि खेडच्या मधला घाट, कान्हेऱ्यांच्याच तालुक्याची वेस. या रस्त्यानं माणसं खाल्ली आहेत हे खोटं नाही. त्याच्या अलीकडे, महाडजवळ, २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री सावित्रीवरचा इंग्रजांच्या काळातला दगडी पूल पुरात गेला आणि त्याबरोबर जयगड-मुंबई आणि राजापूर-बोरिवली या दोन एसटी गेल्या. नवा पूल वर्षाच्या आत उभा राहिला. पण अजूनही तिथून जाताना गाडीतल्या गप्पा थांबतात आणि एखादी आजी खिडकीतून पाण्याकडे हात जोडते.

कशेडीच्या बाईत मला एक बदल दिसतो. ती जखीण की लावसट, हे कोणी विचारत नाही. तिची जात कोणाला माहीत नाही, तिचं काय राहिलं हेही नाही. झाडावर तिचा हक्क नाही, तिला कोंबडं लागत नाही, नारळही नाही. तिच्याशी काही व्यवहारच नाही. नुसती भीती. गावच्या भुताला तुम्ही ओळखत होता, त्याचं घर कोणतं तेही माहीत होतं. ही मात्र कोणाची कोण. आता तर घाटाला बोगदा झाला आहे आणि गाड्या आतून भुर्रकन जातात, तेव्हा हिचाही धंदा बसला असणार.

मागच्या मे महिन्यात पुस्तकातली कोकणची पानं मोबाइलवर घेऊन मी गावी गेलो आणि काकीला मराठी करून वाचून दाखवली. काकी ऐंशीच्या पुढची, आमसुलं वाळत घालत बसली होती. गिऱ्ह्यापर्यंत तिनं निमूट ऐकलं. गिऱ्हा तिचा आवडता. आमच्या व्हाळावरून रात्री मासे घेऊन येणाऱ्याच्या मागे तो ‘एक दी रे, एक दी’ करत लागतो आणि घरी येऊन टोपली बघावी तर आत नुसते धोंडे. पण कोणी हिय्या करून त्याच्या शेंडीचा केस उपटला की तो रात्रभर राबतो, शेताला बांध घालतो, माडांना शिंपणं करतो, आणि पहाटे रडकुंडीला येऊन केस परत मागतो. हे तिनं सांगितलं, मी ऐकलं. मग देवचार आला आणि तिनं हात वर केला.

“ह्यां कोणी लिवल्यान?”

“मास्तरांनी गो. दाभोळच्या वगैरे. शंभराच्या वर वर्षं झाली.”

“दाभोळच्या मास्तराक आमच्या देवचाराचा काय म्हायत? देवचार भूत न्हय. तो राखणदार. तेका वर्साक रोंट देतत, कोणी भुताक रोंट देता काय?”

मी म्हटलं, पुस्तक छापून झालं आहे, आता काय करणार. तिला ते पटलं नाही. छापलं म्हणून काय झालं, चुकलं असेल तर खाली लिहायला नको? तिनं मला चुलीपाशी ठेवलेली जुनी वही आणायला लावली, दुधाच्या हिशेबाची, आणि शेवटच्या कोऱ्या पानांवर सांगू लागली. देवचार तीन प्रकारचे. कुठल्या आडावर कुठला, कोणाच्या बागेतून जातो, कोणाला विडी लागते आणि कोणाला ताडी. मधेच शेजारची वहिनी आली, तिनं दोन जागा बदलल्या, काकीनं त्यातली एक मान्य केली. संध्याकाळपर्यंत चार पानं भरली.

झोटिंगाबद्दल मात्र तिनं काही लिहू दिलं नाही. तो आपल्याकडचा नव्हे, वरच्या बाजूचा, त्याची चौकशी तिकडेच कर म्हणाली.